आधी कारण विचारा, मग फॉरमॅट!

कॉम्प्युटर सारखा हँग होऊ लागला की ठरलेला सल्ला मिळतो, ‘ताई, फॉरमॅट मारावा लागेल.’ मैत्रिणींनो, लगेच मान डोलावू नका. आमच्या काठीसारख्या सातपुड्यातल्या गावात बचत गटाचा हिशेब, दाखल्यांच्या प्रती असं सगळं बहुधा एकाच मशीनवर असतं. दुसरी प्रत नसेल तर वर्षांची मेहनत पुसली जाते.

ताप आला की डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. इथेही तसंच हवं. निळा पडदा आला तर त्यावरचा कोड लिहून ठेवा. नवा प्रोग्राम किंवा अपडेट टाकल्यापासून त्रास सुरू झाला का? मग ‘सेफ मोड’मध्ये चालू करून तो काढून बघता येतो. गरम झाल्यावरच अडकतो का? पंख्यात धूळ साचली असेल. आणि रॅम किंवा हार्ड डिस्कच बिघडली असेल, तर फॉरमॅट करून काय उपयोग? पैसे मात्र जातात.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढणं! कारण सापडलं म्हणून ते जमलं.

तेव्हा आधी पेन ड्राइव्हवर प्रत घ्या, मग कारण विचारा. ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं कुणी म्हटलं तरी विचाराच. हिशेब आपल्या घामाचा आहे.