दहा दिवस, तीन घाट

साठीला पार्टी नको, म्हणाले बाबा. ‘पुढच्या रविवारी सायकलवर महाबळेश्वर. येतेस?’

पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. कात्रज, खंबाटकी, पसरणी. हातात दहाच दिवस! एवढ्यात दम वाढत नाही, बॉस. आहे तो पुरवून वापरायचा.

म्हणून ऑफिसआधी दोनदा जुना कात्रज घाट, शेवटचे तीन दिवस फक्त हलकं पेडलिंग. चढासाठी मागे मोठं फ्रीव्हील, उतारासाठी नवे ब्रेक पॅड. बाबांचं चेकअप झालंय, डॉक्टर ओके म्हणालेत. खिशात चिक्की, केळी. तहान लागायच्या आत पाणी.

आणि घाटातला गोल्डन रूल: बोलता येईल इतक्याच वेगानं चढायचं. रिटायर झाल्यापासून बाबा घरात गप्पच असतात. पसरणी घाट मला लांबलचकच हवाय.