विश्लेषण : हेडसेट लावून कारखान्यातील काम शिकता येते का? करमाड-शेंद्रा परिसरातील तरुणांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावरील करमाडच्या शिवाराला लागून औद्योगिक वसाहत वाढत आहे. आयटीआय किंवा पदविका केलेल्या येथील तरुणाची पहिली नोकरी बऱ्याचदा एका छोट्या चाचणीवर ठरते. लोखंडाच्या दोन पट्ट्या नीट जोडता आल्या का, सुटे भाग ठरलेल्या वेळेत बसवता आले का, हे पाहिले जाते. उद्या हीच चाचणी डोळ्यांवर हेडसेट लावून द्यावी लागली आणि गुण कमी पडले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? मुलाला काम येत नाही, की त्याला ते यंत्र वापरता आले नाही? आभासी वास्तव म्हणजे व्हीआर आणि संवर्धित वास्तव म्हणजे एआर या तंत्रज्ञानावर गेली काही दशके सुरू असलेले संशोधन नेमके याच प्रश्नाभोवती फिरते. ते काय सांगते, हे समजून घेऊ.

करमाडसाठी हा विषय आताच का?

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराचा शेंद्रा टप्पा करमाडच्या शेजारीच आहे. शेंद्रा वसाहतीत स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाचा कारखाना आहे. दुसरा टप्पा पैठण रस्त्यावरील बिडकीनला आहे. तेथे ‘एथर एनर्जी’ने विद्युत दुचाकींचा प्रकल्प जाहीर केला असून, ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

वाहन उद्योगात प्रशिक्षणासाठी हेडसेट वापरणे आता नवे राहिलेले नाही. फोक्सवॅगन समूहाने २०१८ मध्येच उत्पादन आणि मालवाहतूक विभागातील १० हजार कर्मचाऱ्यांना व्हीआरद्वारे प्रशिक्षण देण्याचे जाहीर केले होते. वेल्डिंगचे व्हीआर सिम्युलेटरही बाजारात उपलब्ध आहेत. त्यात हात फिरवण्याचा वेग, गनचा कोन आणि धातूपासूनचे अंतर मोजून लगेच गुण मिळतात. इलेक्ट्रोड आणि पत्रा वाया जात नाही, भाजण्याची भीतीही नसते. त्यामुळे प्रशिक्षण केंद्रांना हे यंत्र आकर्षक वाटते.

व्हीआर आणि एआर यांत फरक काय?

व्हीआर हेडसेट लावल्यावर समोरचे खरे जग दिसेनासे होते आणि संगणकाने तयार केलेले जग दिसते. एआरमध्ये खरे जग दिसत राहते, त्यावर संगणकाची चित्रे किंवा खुणा चढवल्या जातात. उदाहरणार्थ, समोरच्या इंजिनावर ‘हा बोल्ट आधी’ असा बाण दिसतो.

डोक्यावर बसवून डोळ्यांसमोर चित्र दाखवणारा संगणकीय पडदा अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच करून दाखवला होता. एआरचा जन्म तर कारखान्यातलाच. विमानातील तारांचे जुडगे बांधताना कामगारांना मोठ्या फळ्यांवरील आराखडे पाहावे लागत. ते आराखडे थेट डोळ्यांसमोर दाखवता येतील का, यावर बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी काम केले. त्यांचा शोधनिबंध १९९२ चा आहे. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग कॉडेल यांच्याच नावावर आहे.

मानव-संगणक आंतरक्रिया म्हणजे काय?

माणूस यंत्र कसे वापरतो, कुठे अडतो, कुठे चुकतो, कशाने थकतो, याचा अभ्यास करणारी ही ज्ञानशाखा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एचसीआय’ म्हणतात. अभियंता विचारतो, यंत्र चालते का? एचसीआयचा संशोधक विचारतो, ते कोणाला चालवता येते? वेळ, चुकांची संख्या, मानसिक ताण, थकवा अशा मोजमापांतून तो उत्तर शोधतो.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात आर्थर टँग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागींना ठोकळ्यांची रचना जुळवायला सांगितली. काहींना छापील सूचना दिल्या, काहींना संगणकाच्या पडद्यावर, तर काहींना थेट ठोकळ्यांवरच चढवलेल्या एआर सूचना. एआरमुळे चुका ८२ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. मात्र त्याच संशोधकांनी एक इशाराही दिला. डोळे खुणेवर खिळून राहतात आणि आजूबाजूचे भान सुटू शकते. फोर्कलिफ्ट फिरत असलेल्या शॉपफ्लोअरवर हे धोक्याचे आहे.

आभासी जगात शिकलेले खऱ्या कामात उतरते का?

उतरते, पण त्याला अटी आहेत. सर्वांत भक्कम पुरावा शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातून मिळतो. येल विद्यापीठात १६ शिकाऊ शल्यविशारदांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हीआरवर सराव केलेल्यांनी पित्ताशय मोकळे करण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट अधिक होती.

विशेष म्हणजे त्या यंत्रावर हुबेहूब पोट किंवा पित्ताशय दिसतच नव्हते. साध्या भौमितिक आकारांवर सराव होता. पण हातांच्या हालचाली खऱ्या कामासारख्या होत्या आणि अनुभवी डॉक्टरांइतके गुण मिळेपर्यंत सराव थांबवायचा नाही, असा नियम होता.

याउलट उदाहरणही आहे. कोपनहेगन विद्यापीठातील ग्विडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी ५२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेचा तोच धडा साध्या संगणकावर आणि व्हीआर हेडसेटवर शिकवला गेला. हेडसेटमध्ये ‘आपण खरेच तिथे आहोत’ ही भावना अधिक होती, पण शिकणे कमी झाले. चित्रांच्या झगमगाटात मेंदूवर जादा भार पडला.

वेल्डिंगबाबत अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष मधला आहे. सोप्या जोडांसाठी केवळ व्हीआरवरचा सराव चालून जातो. अवघड जोडांसाठी निम्मे प्रशिक्षण व्हीआरवर आणि निम्मे खऱ्या यंत्रावर, हे मिश्रण चांगले ठरते. म्हणजे हेडसेट आला म्हणून कार्यशाळेतील खऱ्या वेल्डिंग यंत्रांचे तास कमी करणे चुकीचे ठरेल.

मळमळ, चक्कर येणारे ‘कच्चे’ असतात का?

नाही. हेडसेटमध्ये डोळ्यांना आपण चालत आहोत असे दिसते, पण कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा ‘शरीर स्थिर आहे’ असे सांगते. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोकेदुखी सुरू होते. ती मोजण्यासाठी १९९३ पासून १६ लक्षणांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते.

स्त्रियांना हा त्रास अधिक होतो, असे काही अभ्यासांत दिसले होते. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यामागचे प्रमुख कारण दाखवले. दोन डोळ्यांमधील अंतर आणि हेडसेटच्या भिंगांमधील अंतर जुळत नव्हते. अनेक स्त्रियांच्या डोळ्यांमधील अंतर हेडसेटच्या किमान मर्यादेपेक्षाही कमी असते. ज्यांना भिंगे नीट बसली, त्यांना पुरुषांइतकाच त्रास झाला. म्हणजे दोष यंत्राच्या मापात होता. तरीही परीक्षेच्या कागदावर कमी गुण मात्र मुलीच्या नावासमोर लागले असते.

सुमारे अर्धा किलो वजनाचा हेडसेट, मराठवाड्यातील उन्हाळा, कपाळावरचा घाम आणि आधीच डोळ्यांवर असलेला चष्मा, या साऱ्यांचा परिणाम गुणांवर होऊ शकतो. हवेत हात उचलून बटणे दाबत राहिल्याने खांदे भरून येतात, हेही संशोधकांनी मोजून दाखवले आहे.

मराठी अनुवाद केला की भाषेचा प्रश्न सुटेल का?

केवळ अनुवादाने सुटणार नाही. याचा धडा आपल्याच राज्यात आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प शाळेत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मोबाइल कीबोर्ड तयार केला. इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरे चिकटवण्याऐवजी त्यांनी देवनागरीची रचनाच आधार म्हणून घेतली. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उघडते.

हेडसेटमध्येही असाच विचार लागेल. एआरच्या पारदर्शक काचेवर प्रखर उजेडात अक्षरे फिकट पडतात. अशा वेळी मात्रा, रफार, अनुस्वार ही बारीक चिन्हे चटकन दिसत नाहीत. त्यामुळे ठळक अक्षर आणि मराठीतून बोललेली सूचना दोन्ही हवे. शब्दही शॉपफ्लोअरवरचे हवेत. ‘पाना’, ‘नट’, ‘वायसर’ म्हणणाऱ्या मुलाला शब्दकोशातील अवघड पारिभाषिक शब्द दाखवले, तर सूचना मराठीत असूनही तो अडेल आणि यंत्र ती वेळ त्याची चूक म्हणून मोजेल.

हालचालींची नोंद कोणाकडे जाते?

हेडसेट डोके आणि हातांची हालचाल सतत टिपतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये एका व्हीआर खेळाच्या ५० हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती तपासली. केवळ १०० सेकंदांच्या हालचालींवरून नेमकी व्यक्ती ९४ टक्के अचूकतेने ओळखता आली. म्हणजे नाव काढून टाकले तरी हालचालच ओळखपत्राचे काम करते.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण रोजगाराशी संबंधित कारणांसाठी नियोक्त्याला काही माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा त्यात आहे. त्यामुळे प्रशिक्षणात गोळा झालेली माहिती पुढे कामाच्या वेगावर नजर ठेवण्यासाठी वापरली जाणार का, हे आधीच स्पष्ट होणे कामगारांच्या हिताचे आहे.

सरकारी धोरणात याला जागा आहे का?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सटेंडेड रिॲलिटी यांसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. व्हीआर आणि एआर हे दोन्ही ‘एक्सटेंडेड रिॲलिटी’त मोडतात. धोरणाच्या नावात मनोरंजन उद्योगाची छाप दिसते. मात्र याच तंत्रज्ञानाचा कारखान्यांतील वापर ज्या भागात वाढू शकतो, त्यात शेंद्रा-बिडकीन पट्टा येतो. येथील कामगार आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यावर चाचण्या घेऊन मराठी प्रशिक्षण साहित्य तयार करणे, हे स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांना करता येण्यासारखे काम आहे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोन-चार हेडसेट, घड्याळ, चुकांची नोंदवही आणि प्रशिक्षणार्थींचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी पुरते.

हेडसेट घेण्याआधी, लावण्याआधी काय विचारावे?

- व्हीआरवर चांगले गुण मिळवणारे खऱ्या यंत्रावरही चांगले काम करतात, याची चाचणी झाली आहे का? तीही आपल्याकडच्या मुलांवर?
- गुण मोजण्याआधी हेडसेट हाताळण्याचा वेगळा सराव मिळतो का?
- भिंगांमधील अंतर बदलता येते का? चष्मा लावून वापरता येतो का?
- सूचना मराठीतून ऐकू येतात का?
- चक्कर आल्यास थांबण्याची आणि खऱ्या यंत्रावर परीक्षा देण्याची सोय आहे का?
- हालचालींची माहिती किती दिवस आणि कोणाकडे राहते?
- कंपनीने हेडसेट बंद केला तर धडे दुसऱ्या हेडसेटवर चालतील का?

शेवटचा प्रश्न गैरलागू नाही. गुगलने ‘ग्लास’च्या उद्योगांसाठीच्या आवृत्तीची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स २’चे उत्पादन थांबवल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. ‘ओपनएक्सआर’ हे खुले मानक २०१९ पासून उपलब्ध आहे. ते पाळणारे सॉफ्टवेअर घेतल्यास एका कंपनीवरचे अवलंबित्व कमी होते.

पुढे काय?

हेडसेटवरचे प्रशिक्षण उपयोगी आहे, याचे पुरावे आहेत. ते सर्वांना सारखेच उपयोगी पडते, याचे मात्र नाहीत. म्हणून निदान सुरुवातीची काही वर्षे हेडसेटचा उपयोग सरावासाठी व्हावा आणि नोकरीचा निर्णय खऱ्या यंत्रावर केलेल्या कामावरूनच घेतला जावा, हे या संशोधनाशी सुसंगत ठरेल. शेंद्रा वसाहतीच्या गेटवर उभ्या असलेल्या करमाडच्या तरुणाला काम येते की नाही, हे शेवटी त्याने जोडलेल्या पट्ट्यांवरूनच कळते.