छापलेले गुपित : विस्मृती, संशय आणि आपली वाचनाची सवय

आयुष्यातला काही काळ मला आठवत नाही, आणि तो कोणीतरी जाणूनबुजून पुसून टाकला आहे, असे सांगणारे पात्र कथा-कादंबरीत भेटले की आपल्या समीक्षेजवळ त्यासाठी दोन साचे तयार असतात. पहिला साचा 'अविश्वसनीय निवेदका'चा. ही पाटी एकदा पात्राच्या गळ्यात अडकवली की त्याच्या बोलण्याची शहानिशा करण्याची जबाबदारी संपते. दुसरा साचा संशयाच्या मीमांसेचा. त्यात पात्राचा संशय हे सत्तेच्या अदृश्य यंत्रणेचे रूपक ठरते, आणि समीक्षक संहितेच्या पृष्ठभागाखाली काय दडले आहे ते उकरण्याच्या उद्योगाला लागतो. उत्तरपत्रिकांत, चर्चासत्रांतील निबंधांत, पुस्तक-परीक्षणांत हे दोन साचे आलटूनपालटून वापरले जातात. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही एकाच आळसातून निघाले आहेत. सत्य नेहमी लपलेलेच असते असे दोन्ही गृहीत धरतात. पहिला ते शोधण्याचे नाकारतो, दुसरा ते खोल खोल शोधत राहतो. जे उघड्यावर छापून पडले आहे ते वाचण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

मनावर गुप्त ताबा मिळवला जात असल्याचा संशय काही आजकालचा नव्हे. लंडनमधील चहाचा व्यापारी जेम्स टिली मॅथ्यूज याला १७९७ मध्ये बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. 'एअर लूम' नावाचे यंत्र चालवणारी एक टोळी वायू आणि चुंबकशक्ती यांच्या साहाय्याने माणसांच्या मनांवर ताबा मिळवते, असे तो सांगे. इस्पितळातील जॉन हॅझलम यांनी १८१० मध्ये त्याच्यावर पुस्तकच प्रसिद्ध केले. असे यंत्र अर्थातच कुठे नव्हते. परंतु राज्यक्रांतीच्या काळात आपण शांततेच्या खटपटीसाठी फ्रान्सला गेलो होतो आणि तेथे कैदेत पडलो होतो, हे त्याचे सांगणे खरे होते. पुढे १९१९ मध्ये व्हिक्टर टाउस्क यांनी अशा 'प्रभाव पाडणाऱ्या यंत्रा'च्या भ्रमावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि ही तक्रार मनोविकारशास्त्रात एक लक्षण म्हणून कायमची नोंदली गेली. मॅथ्यूजच्या उदाहरणावरून आम्ही एवढेच घेतो की भ्रमिष्टाची हकिगतसुद्धा वाक्यावाक्याने तपासावी लागते. ती एका गठ्ठ्यात स्वीकारता येत नाही आणि एका गठ्ठ्यात फेकूनही देता येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र एक विलक्षण उलथापालथ झाली. हा संशय इस्पितळाच्या खोलीतून निघाला आणि सरकारी कचेरीत जाऊन बसला. एडवर्ड हंटर या पत्रकाराने १९५० मध्ये 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द इंग्रजीत प्रचारात आणला. कोरियन युद्धात पकडले गेलेले अमेरिकी वैमानिक जंतुयुद्धाचे कबुलीजबाब देऊ लागले, तेव्हा शत्रूला मन वळवण्याची एखादी गुप्त विद्या साधली असावी, असे वॉशिंग्टनला वाटू लागले. एप्रिल १९५३ मध्ये सीआयएचे संचालक ॲलन डलेस यांनी प्रिन्स्टनच्या माजी विद्यार्थ्यांसमोर या 'मेंदूच्या युद्धा'वर भाषण केले, आणि तीनच दिवसांनी एमके-अल्ट्रा या प्रकल्पाला मंजुरी दिली. गंमत पुढेच आहे. लॉरेन्स हिंकल आणि हॅरॉल्ड वुल्फ या दोन वैद्यकतज्ज्ञांनी साम्यवादी देशांतील चौकशीच्या पद्धतींचा अभ्यास करून १९५६ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांना गुप्त विद्या कुठेच आढळली नाही. एकांतवास, झोपमोड, थंडी, तासन्‌तास उभे करणे, थकवा, ही पोलिसी छळाची जुनीच साधने आढळली. तरीही ज्या 'सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी'मार्फत सीआयएचा पैसा संशोधकांकडे जात होता, तिचे प्रमुख हेच वुल्फ होते. स्वतःच छापलेला निष्कर्ष बाजूला ठेवून माणसे गुपिताच्या मागे धावत राहिली.

या धावपळीतूनच माँट्रिऑलचे प्रकरण घडले. मॅगिल विद्यापीठाशी संलग्न ॲलन मेमोरिअल इन्स्टिट्यूटचे प्रमुख डॉ. यूअन कॅमेरॉन हे आडबाजूचे गृहस्थ नव्हते. १९५२-५३ मध्ये ते अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. पुढे जागतिक मनोविकार संघटनेचे पहिले अध्यक्षही झाले. रोगट मनाची जुनी घडी पूर्ण मोडली तर तेथे नवी, निरोगी घडी बसवता येईल, असा त्यांचा सिद्धांत होता. घडी मोडण्याला ते 'डीपॅटर्निंग' म्हणत. त्यासाठी नेहमीच्या उपचारापेक्षा कितीतरी पटींनी अधिक विजेचे झटके दिले जात, आणि औषधे देऊन रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवले जाई. त्यानंतर 'सायकिक ड्रायव्हिंग'. ध्वनिफितीवरचे एकच वाक्य दिवसातले सोळा-सोळा तास, कित्येक दिवस, रुग्णाच्या कानाशी वाजवले जाई. रुग्णांत बाळंतपणानंतरच्या खिन्नतेसाठी आलेल्या स्त्रिया होत्या, चिंतेने ग्रासलेली साधी माणसे होती. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांतली अनेक माणसे घरी परतली ती आयुष्याचा मोठा भाग गमावून. नवरा, मुले, शिकलेले काम, स्वतःचे बालपण, काहीही ओळखीचे उरले नाही अशी अवस्था काहींची झाली.

आता तारखा पाहा. कॅमेरॉन यांनी 'सायकिक ड्रायव्हिंग'वरचा आपला निबंध १९५६ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अग्रगण्य नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापला. सीआयएचा पैसा त्यांच्याकडे आला त्यानंतर, १९५७ मध्ये. कॅमेरॉन १९६४ मध्ये संस्थेतून गेल्यावर जुन्या रुग्णांची पाहणी झाली आणि ती १९६७ मध्ये कॅनडातील मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उपचारांपूर्वीच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या काळाची विस्मृती जवळजवळ साठ टक्के रुग्णांत टिकून असल्याचे तीत नोंदलेले आहे. म्हणजे ज्या विस्मृतीचे कारण रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना कळत नव्हते, ते कारण टक्केवारीसह ग्रंथालयाच्या फडताळात ठेवलेले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९७७ मध्ये, वृत्तपत्रांनी सीआयएचा संबंध उघड केला आणि जगाला धक्का बसला. विनिपेगचे खासदार डेव्हिड ऑर्लिको यांना आपल्या पत्नीचे, व्हेल्मा यांचे, काय झाले होते याचा उलगडा त्या बातमीतून झाला. धक्का गुप्तहेरांच्या नावाने बसला. रुग्णांचे काय झाले हे तर व्यवसायाला आधीपासून ठाऊक होते.

गुप्त होता तो पैशाचा मार्ग. पद्धत गुप्त नव्हती, तिचे परिणामही गुप्त नव्हते. तो पैसा १९६० च्या सुमारास आटला, तरी पद्धत चालूच राहिली. पाच मुलांची आई असलेली लिंडा मॅक्डोनल्ड या संस्थेत आली ती १९६३ मध्ये. आधीच्या आयुष्याच्या आठवणी आपल्याला परत कधीच मिळाल्या नाहीत, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. तिच्या बाबतीत 'सीआयएने केले' एवढे म्हणून थांबणे म्हणजे विद्यापीठाला, इस्पितळाला, संपादकांना आणि वाचूनही गप्प राहिलेल्या सहव्यावसायिकांना अलगद सोडून देणे होय. संशयी वाचनावर ईव्ह सेजविक यांनी घेतलेला आक्षेप येथे आठवतो. असे वाचन उघडकीस आणण्याच्या क्रियेवर फाजील श्रद्धा ठेवते. एकदा पडदा दूर झाला की सारे आपोआप बदलेल असे मानते. माँट्रिऑलमध्ये पडदाच नव्हता, आणि तरीही काही बदलले नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे मनोनियंत्रण साधलेच नाही. जुनी घडी मोडली. नवी बसली नाही. हुकमाप्रमाणे वागणारा, हुकूम विसरणारा आज्ञाधारक मारेकरी रिचर्ड कॉन्डन यांच्या १९५९ च्या 'द मँचुरियन कँडिडेट' या कादंबरीत आहे; ॲलन मेमोरिअलमधून असा एकही बाहेर पडला नाही. बाहेर पडली ती स्वयंपाक विसरलेली, घराचा रस्ता विसरलेली माणसे. कादंबऱ्या आणि चित्रपट जेव्हा या प्रकरणातून सर्वशक्तिमान सूत्रधार रंगवतात, तेव्हा ते नकळत गुन्हेगाराची फुशारकीच खरी मानतात. मन घडवण्याची विद्या त्याच्याजवळ होती, असे प्रशस्तिपत्र त्याला देतात. त्याच्याजवळ फक्त मोडण्याची साधने होती. ही गोष्ट वर्गात सांगितली जात नाही, कारण 'नियंत्रण' या शब्दात रूपक करण्याजोगे बरेच आहे आणि साध्या नासधुशीत फारसे नाही.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस दिसतो. गुप्तता खरीच होती, मग संशयाला दोष का? गुप्तता होती, हे निर्विवाद. फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याच्या नकळत एलएसडी देण्यात आले आणि काही दिवसांत न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मरण पावला. ते एलएसडीचे सत्य कुटुंबाला कळले १९७५ मध्ये. सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने १९७३ मध्ये एमके-अल्ट्राची कागदपत्रे नष्ट झाली. हिशेबाच्या दप्तरात चुकून राहिलेले सुमारे वीस हजार कागद १९७७ मध्ये सापडले म्हणून १४९ उपप्रकल्पांची आणि त्यांत गुंतलेल्या ४४ महाविद्यालये-विद्यापीठांची गणती तरी लागली. तेव्हा संशयाला जागा आहे. आमचा आक्षेप संशयाला नाही. संशयालाच निष्कर्ष मानण्याला आहे.

कारण कागदपत्रांच्या त्या नाशाचा आणखी एक परिणाम झाला. नंतरच्या काळात ज्या कोणाला आपल्या आयुष्यात अकारण पोकळी जाणवली, त्याला 'तुझ्या बाबतीत असे घडले नाही' हे पुराव्यानिशी सांगण्याची सोय उरली नाही. आणि माणसाचे मन पोकळी रिकामी ठेवत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची खोटी हकिगत खऱ्या हकिगतींत मिसळून दिली. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती पूर्णतः वा अंशतः 'आठवली'. तेव्हा विस्मृती हा कटाचा पुरावा होत नाही. दारू, अपस्मार, डोक्याचा मार, तीव्र मानसिक आघात, यांपैकी कशानेही ती येते. मात्र ज्याला ती आली आहे त्याला ऐकून न घेण्याचे ते निमित्तही होत नाही.

या वाचनाचा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही, हे पुढच्या घटनांवरून दिसते. १९८८ मध्ये सीआयएने नऊ फिर्यादींशी साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, तेही कायदेशीर जबाबदारी न मानता. अट अशी होती की अर्जदाराचे पूर्ण 'डीपॅटर्निंग' झालेले, त्याची अवस्था लहान मुलासारखी झालेली असली पाहिजे. त्याहून कितीतरी अधिक अर्ज फेटाळले गेले. म्हणजे स्मृती हिरावली गेलेल्या माणसाने आपली स्मृती किती हिरावली गेली हे सिद्ध करायचे, आणि ती पुरेशी हिरावली गेली नाही असे ठरले तर रिकाम्या हाती परतायचे. १९५३ मध्ये या संस्थेत आलेल्या गेल कास्टनर यांचा अर्ज असाच फेटाळला गेला होता. २००४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला तेव्हा त्यांना न्याय मिळाला. तो मिळाला इस्पितळाचे कागद कोणीतरी नीट वाचले म्हणून. त्यांना 'अविश्वसनीय निवेदक' म्हणणाऱ्याने किंवा त्यांच्या विस्मृतीचे रूपक करणाऱ्याने तो मिळवून दिलेला नाही.

आपल्या भाषेत करणी, चेटूक, भानामती हे शब्द फार जुने आहेत. त्यामुळे 'माइंड कंट्रोल' मराठीत यायला वेळ लागला नाही. त्याला बसायला पाट मांडलेलाच होता. भानामतीच्या तक्रारीपुढेही आपण दोनच गोष्टी करत आलो. एकाने मांत्रिक शोधला, दुसऱ्याने थोतांड म्हणून पाठ फिरवली. त्या घरात त्या बाईला काय सोसावे लागत आहे, हे विचारणारा तिसरा विरळाच. साहित्याच्या अध्यापकाने हा तिसरा माणूस व्हावे, एवढीच आमची मागणी आहे. 'मला आठवत नाही' हे वाक्य संहितेत आले की त्याने विद्यार्थ्यांना विचारावे : हे कधीपासून आठवत नाही? त्या काळात हिच्याजवळ कोण होते? त्यांनी काय लिहून ठेवले, आणि ते कोठे ठेवले आहे? ही उत्तरे मिळाल्यावर मग निवेदक विश्वसनीय की अविश्वसनीय, याची चर्चा खुशाल करावी.