व्होल्ट किती, हे विचारू नका

जून लागला की आमच्या अपघात विभागात विजेचा धक्का बसलेले रुग्ण येऊ लागतात. कुणी पत्र्याच्या शेडला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घालत असते, कुणी अनवाणी पायांनी पाण्याची मोटर सुरू करायला गेलेले असते. काही जण चालत येतात, काहींना आणलेले असते. सोबतचे नातेवाईक बहुतेक वेळा एकच सांगतात : ‘डॉक्टर, हाय व्होल्टेज नव्हतं हो, घरातलीच लाइट होती.’ गेली पंचवीस वर्षे हे वाक्य ऐकतो आहे आणि दर वेळी वाटते, शाळेत शिकलेला ओहमचा नियम आपण परीक्षेपुरताच पाठ केला.

गेऑर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 मध्ये मांडलेला हा नियम साधा आहे. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, तो ओहममध्ये. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. आपल्या घरात 230 व्होल्ट वीज येते. 2000 वॅटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर वीज ओढतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध सुमारे 26 ओहम झाला.

आता गीझरच्या जागी माणूस धरा. कोरड्या, धडधाकट त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. 230 ला एक लाखाने भागा : 2.3 मिलिअँपिअर. हाताला झिणझिण्या येतील, माणूस हात झटकेल. तोच माणूस अंघोळ करून ओल्या फरशीवर उभा असेल, तर रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. 230 भागिले 1000, म्हणजे 230 मिलिअँपिअर. व्होल्ट तेवढेच, प्रवाह शंभरपट. शिवाय कोरड्या हाताच्या भरवशावरही राहू नये. घाम, भेगा, घट्ट पकड यांनी रोध घटतो आणि 230 व्होल्टखाली त्वचेचा अडसर क्षणात कोसळू शकतो.

शरीराचा हिशेब प्रवाहावर चालतो. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. ‘करंटने धरून ठेवलं’ असे लोक म्हणतात ते हेच. त्याहून वाढला तर छातीचे स्नायू जखडून श्वास अडतो. शंभरच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर जरी छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. रक्त पुढे ढकलले जात नाही. 0.1 गुणिले 230, म्हणजे 23 वॅट. जुन्या 40 वॅटच्या ट्यूबलाइटलाही याहून जास्त लागत असे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. 16 अँपिअरचा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून बसवलेला असतो. माणसातून जाणारे 0.23 अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. माणसासाठी वेगळे उपकरण आहे : आरसीसीबी. घरात गेलेली आणि परत आलेली वीज ते सतत ताडून पाहते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, बहुधा त्याहून बरेच लवकर, वीज तोडते. दोन्ही हातांनी फेज आणि न्यूट्रल धरले तर मात्र त्याचाही इलाज चालत नाही.

त्याच्या जोडीला अर्थिंग हवेच. गीझरच्या भांड्यात फेज उतरला आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध समजा दोन ओहम असला, तर 115 अँपिअर वाहू पाहतात आणि एमसीबी लगेच पडतो. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसला, की ती वाट बंद होते आणि नळाला हात लावणारा माणूसच अर्थिंग बनतो.

घराला रंग देताना आपण खर्चाकडे पाहत नाही, पण वायरमनने आरसीसीबी सुचवला की ‘नंतर बघू’ म्हणतो. भाड्याच्या खोल्यांत तर घरमालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे : ही घरमालकाची जबाबदारी आहे. शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहे यांनी पावसाळ्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी.

तरीही कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्या व्यक्तीला हात लावा. ती शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल, भाजले असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात या. ईसीजी काढायला फार वेळ लागत नाही.