रंगपेटी : गुलमोहराची पाचवी पाकळी

काय दोस्तांनो, संपली ना परीक्षा? मग काढा रंगपेटी आणि जवळच्या गुलमोहराखाली जा. फांदी मोडू नका हं! खाली सडा पडलेला असतोच. त्यातलं एक ताजं फूल उचलून बशीत ठेवा.

आता पाकळ्या मोजा. पाच भरल्या? पण पाचही सारख्या नाहीत, बरं का! चार लालभडक. पाचवी मात्र पांढरट-पिवळसर, अंगावर लाल रेघा नि ठिपके. शिवाय प्रत्येक पाकळी देठाकडे अगदी निमुळती, म्हणून दोन पाकळ्यांच्या मधे फट राहते. मधोमध दहा पुंकेसर. हे सगळं हलक्या हातानं पेन्सिलीनं काढा.

जलरंगात फिका रंग आधी, गडद नंतर. चार पाकळ्यांवर पातळ नारिंगी हात फिरवा, तो वाळला की वर लाल. उन्हाळ्यात रंग भराभर वाळतो आणि मधेच कडा उमटतात, म्हणून पुरेसा रंग आधीच कालवून घ्या. पाण्याचे डबे दोन हवेत : एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाण्याचा.

आणि पाचवी पाकळी? तिथे कागद कोराच ठेवायचा! जलरंगातला खरा पांढरा म्हणजे कागद. पांढऱ्या ट्यूबनं ती चमक येत नाही. कडेला किंचित पिवळा, तो वाळल्यावर बारीक ब्रशानं लाल ठिपके, बस्स.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं असंच चित्र काढलं. घरी बाबा म्हणाले, "अगं, ही एक पाकळी रंगवायची राहिली की!" दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन मला विचारत होती, "बाई, लाल करून टाकू?" मी म्हटलं, "थांब. आधी बाबांना फूल दाखव." तिनं दाखवलं. बाबा म्हणे बराच वेळ ते फूल उलटंपालटं करून बघत बसले. चित्र होतं तसंच राहिलं. पालकहो, मुलांच्या हातातला ब्रश घेण्याआधी एकदा बशीतल्या फुलाकडे बघाल ना?

अख्खं झाड रंगवायचं असेल तर एकेक फूल काढत बसू नका. कागद ओला करा, लाल रंग टेकवा, पसरू द्या, मधेमधे आभाळाच्या फटी सोडा. हिरवा मात्र लाल पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर दोन्ही मिळून मातकट चिखल! साताऱ्यात १९९९ साली १ मे हा 'गुलमोहर दिवस' म्हणून साजरा व्हायला लागला. तिथे चित्रकार झाडाखालीच कागद मांडून बसतात.

तुमच्याकडे गुलमोहर नाही? मग बहावा बघा. त्याचे पिवळे घोस रंगवताना सावलीसाठी पिवळ्यात काळा मिसळू नका, तो हिरवट होतो. थोडा गेरू किंवा कणभर जांभळा घालून बघा.