विश्लेषण : पदक ग्रीसचे, मल्ल दागेस्तानचा… कुरुग्लिएव्हच्या कांस्यपदकाचा अर्थ काय?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ९ ऑगस्ट २०२४ रोजी अमन सेहरावतने ५७ किलो गटात भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याच दिवशी ८६ किलो गटात दाउरेन कुरुग्लिएव्हने ग्रीससाठी कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक कुस्तीत ग्रीसला तब्बल २० वर्षांनी पदक मिळाले. मात्र ते मिळवून देणारा मल्ल जन्माने रशियातील दागेस्तानचा आणि पूर्वी रशियाकडूनच लढणारा. मग हे यश नेमके कोणाचे?

कुरुग्लिएव्ह कोण?

कुरुग्लिएव्ह फ्रीस्टाइल प्रकारात लढतो. रशियाच्या संघात असताना त्याने २०१९ मध्ये मिन्स्क येथील युरोपियन गेम्समध्ये ८६ किलो गटाचे सुवर्णपदक पटकावले. पॅरिसमध्ये तो ग्रीसच्या पोशाखात मॅटवर उतरला. तेथे बल्गेरियाचा मागोमेद रमाझानोव्ह सुवर्ण आणि इराणचा हसन याझदानी रौप्यपदकाचा मानकरी ठरला. दुसरे कांस्यपदक अमेरिकेच्या आरोन ब्रुक्सने जिंकले. रमाझानोव्हही मूळचा दागेस्तानचाच. म्हणजे या गटातील चार पदकविजेत्यांपैकी दोघांची जन्मभूमी एकच होती, झेंडे मात्र वेगळे होते.

युरोपियन गेम्सचा विजेता रशियाला नकोसा झाला?

प्रश्न नकोसा होण्याचा नाही, रांगेचा आहे. ऑलिम्पिकमध्ये एका वजनी गटात एका देशाचा एकच मल्ल उतरू शकतो. रिओ ऑलिम्पिकमध्ये ८६ किलोचे सुवर्ण रशियाच्या अब्दुलरशीद सादुलाएव्हने जिंकले. तो वरच्या गटात गेल्यावर जागा मोकळी झाली, पण तिच्यावर आर्तुर नायफोनोव्ह दावा सांगत होता. मिन्स्कमधील सुवर्णानंतर काही महिन्यांतच झालेल्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रशियाकडून नायफोनोव्ह खेळला आणि कांस्यपदक घेऊन परतला. टोक्यो ऑलिम्पिकमध्येही तोच गेला आणि तेथेही त्याने कांस्यपदक मिळवले. ज्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचा मल्लही जगात पदक जिंकू शकतो, तेथे दुसरा क्रमांक म्हणजे घरी बसणे. त्यात पॅरिसला रशियाचा एकही मल्ल गेला नाही. तटस्थ खेळाडू म्हणून निमंत्रण आलेल्या मल्लांना न पाठवण्याचा निर्णय रशियाच्या महासंघाने घेतला.

नियम काय सांगतात?

ऑलिम्पिक सनदेनुसार खेळाडूला ज्या देशाकडून खेळायचे, त्याचे नागरिकत्व हवे. ऑलिम्पिक, खंडीय किंवा जागतिक स्पर्धेत एका देशाकडून खेळलेल्याने नागरिकत्व बदलले, तर तीन वर्षे थांबावे लागते. संबंधित देशांच्या ऑलिम्पिक समित्या आणि त्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांची संमती असल्यास ही मुदत कमी होऊ शकते. त्यामुळे झेंडा बदलणे ही पळवाट नाही. नियमांनीच ठेवलेला तो रस्ता आहे.

हे ग्रीसपुरतेच आहे का?

मुळीच नाही. पॅरिसमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सहा गट होते. त्यापैकी तीन सुवर्णपदके दागेस्तानात जन्मलेल्या मल्लांनी जिंकली आणि ती गेली बल्गेरिया, उझबेकिस्तान व बहारीनच्या खात्यात. भारतीय चाहत्यांनाही याचा अनुभव आहे. टोक्योत दीपक पुनियाच्या हातून ८६ किलोचे कांस्यपदक शेवटच्या क्षणी निसटले, ते सॅन मारिनोच्या माइल्स अमिनमुळे. अमिन अमेरिकेत जन्मला आणि तेथेच घडला. पूर्वजांच्या नात्याने तो सॅन मारिनोकडून खेळतो.

ग्रीसची स्वतःची परंपरा कुठे गेली?

प्राचीन ऑलिम्पिकमध्ये कुस्ती इसवी सनपूर्व ७०८ मध्ये आली, असे मानले जाते. आधुनिक काळात १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये मात्र ग्रीसच्या जॉर्जिओस त्सितासला अंतिम लढतीत जर्मनीच्या कार्ल शुमानने हरवले. शुमान हा मुळात जिम्नॅस्ट! ‘ग्रीको-रोमन’ हे नावही फसवे आहे. कमरेखाली पकड करण्यास मनाई असलेली, म्हणजे पट काढण्याची सोयच नसलेली ही शैली एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आली. ग्रीसला खरे यश मिळाले ते १९६८ ते १९८८ या काळात. या २० वर्षांत सात पदके आली. पेट्रोस गालाक्तोपुलोसने १९६८ मध्ये कांस्य, तर १९७२ मध्ये रौप्य जिंकले. क्रीटच्या स्टेलिओस मिगियाकिसने १९८० मध्ये मॉस्कोत ग्रीको-रोमनच्या ६२ किलो गटात सुवर्ण पटकावले. कुस्तीतील ग्रीसचे आजवरचे एकमेव सुवर्ण तेच. अमेरिका आणि जपानने त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला असला, तरी ग्रीको-रोमनमधील सोव्हिएत संघ, हंगेरी, बल्गेरिया, रोमानिया हे मातब्बर देश तेथे होते. पुढे २००० मध्ये उत्तर ओसेशियाचा अमिरान कार्दानोव्ह आणि २००४ मध्ये आर्मेनियात जन्मलेला आर्तिओम क्युरेग्यान यांनी ग्रीससाठी कांस्यपदके जिंकली. त्यानंतर थेट कुरुग्लिएव्ह.

मग या पदकाचे मोल काय?

मल्लाच्या बाजूने पाहिले तर उत्तर सोपे आहे. पैलवानाची उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि ती दुसऱ्याच्या सावलीत घालवण्याची सक्ती कोणी करू नये. कुरुग्लिएव्हचे पदक त्याच्या घामाचे आहे. त्याच्या जन्मदाखल्यावरून ते कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. ग्रीसच्या बाजूने मात्र प्रश्न उरतो. २००० आणि २००४ या सलग दोन ऑलिम्पिकमध्ये बाहेर जन्मलेल्या मल्लांनी पदके दिली, आणि त्यामागून आली ती २० वर्षांची पोकळी. तयार मल्ल पदक देतो, पण आखाड्यात नवी मुले आपोआप येत नाहीत. त्यासाठी प्रशिक्षक, सरावाचे साथीदार आणि तळाच्या स्पर्धा लागतात. पॅरिसच्या कांस्याने अथेन्स वा क्रीटमधील एखादा मुलगा तालमीची पायरी चढला आणि त्याला शिकवणारे कोणी तेथे भेटले, तर ते पदक ग्रीसचे झाले असे म्हणता येईल. तोवर पदकतालिकेत ग्रीसचे नाव असेल, पण त्यामागची तालीम दागेस्तानची असेल.