दिवाळीनंतर पाच दिवस सह्याद्रीच्या माथ्यावर: हेंद्रेपाड्यातील रहिवाशांना जाहीर आवाहन



पावसाळ्यातल्या रविवारी आपल्या भागातून कितीतरी गाड्या पहाटे माळशेजकडे निघतात आणि रात्री उशिरा परत येतात. जाताना कोंडी, घाटात धुकं, टपरीवर भाजलेलं कणीस, चार फोटो आणि येताना पुन्हा कोंडी. एवढं पेट्रोल जाळून डोंगर पाहिला तो गाडीच्या काचेतूनच. यंदा भाऊबीज आटोपली की मुलांच्या सुट्टीत पाच दिवस आणि चार मुक्कामांचा एक फेरा आपण सगळ्यांनी मिळून आखावा, म्हणून हे आवाहन.

मार्ग असा योजला आहे: बदलापूर, बारवी, मुरबाड, माळशेज, जुन्नर, ओतूर, कोतूळ, राजूर, भंडारदरा, घोटी, कसारा, शहापूर आणि मुरबाडवरून परत घरी. ठाणे, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या चार जिल्ह्यांतून जाणारा हा फेरा ढोबळमानाने पाचशे किलोमीटरचा आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर सरावलेला चालक म्हणेल, एवढं तर दोन दिवसांत होईल. होईलही, पण मग पुन्हा काचेतूनच बघणं आलं. म्हणून आमचा आग्रह एवढाच की या फेऱ्याचा हिशेब किलोमीटरवर न करता उजेडावर करावा. रोज संध्याकाळी साडेपाचला गाडी मुक्कामाच्या गावात उभी राहिली पाहिजे. बाकीचं सगळं त्याभोवती बसवायचं.

पावसाळ्यात का नको

धबधबे दिसणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना तेच हवे आहेत त्यांची निराशा होईल. पण २६ जुलै २००५ चा पूर जिने पाहिला आणि २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरच्या मध्ये अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून प्रवाशांना बोटींनी काढताना पाहिलं, त्या आपल्या वस्तीला पाणी किती वेगाने चढतं हे वेगळं सांगायला नको. माळशेजमध्ये दरडी कोसळतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर दरडीमुळे घाट बंद ठेवावा लागला होता. कोंडेश्वर आणि बारवीच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते बुडालेल्या मुलांची यादी वाढू नये म्हणूनच.

दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, कड्यावरून कोकण थेट खालपर्यंत दिसतं, ओढ्यांतून गाडी घालावी लागत नाही. भाताची कापणी झालेली किंवा होत आलेली असते, त्यामुळे गावकऱ्यांनाही पाहुण्यांकडे बघायला थोडी सवड मिळते. पहाटे थंडी चांगलीच वाजते, तेव्हा स्वेटर-कानटोप्या घ्याच.

पाच दिवसांचा आराखडा

पहिल्या दिवशी मुरबाड, टोकावडे, वैशाखरेवरून माळशेज चढायचा. वैशाखऱ्याच्या आसपास डावी-उजवीकडे बघत राहा. नानाचा अंगठा नावाचा सुळका दिसेल. त्याच्याच बाजूने सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याण बंदरांतला माल जुन्नरला चढत असे. घाट संपल्यावर खुबी फाट्याहून खिरेश्वरला मुक्काम. तिथलं नागेश्वराचं प्राचीन मंदिर संध्याकाळच्या उजेडात बघून होतं. हरिश्चंद्रगडाची तोलार खिंडीची वाट याच गावातून जाते, पण ती या फेऱ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्नर आणि नाणेघाट. आदल्या दिवशी जो अंगठा खालून पाहिला, त्याच्या माथ्यापर्यंत आता गाडी जाते. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. मुलांना पायथा आणि माथा सलग दोन दिवस दाखवले, तर घाट म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळेल. मुक्काम जुन्नरला. शिवनेरी चढणाऱ्यांनी तो तिसऱ्या दिवशी पहाटे उरकावा.

तिसरा दिवस निव्वळ प्रवासाचा. ओतूरहून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत शेंडीला, म्हणजे भंडारदरा धरणाच्या गावी पोहोचायचं. नकाशावर हा टप्पा लहान दिसतो, पण वळणं, अरुंद पूल आणि उसाच्या बैलगाड्या धरून दुपार सहज जाते. हा सगळा मुलूख आदिवासी महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. त्यांना १८४८ मध्ये फाशी झाली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. देशी बियाण्यांसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या.

चौथा दिवस या फेऱ्याचा गाभा. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालायचा: रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी वरून, घाटघरचा कडा आणि परत शेंडी. अंतर थोडं आहे, म्हणूनच पूर्ण दिवस ठेवला आहे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून तो संरक्षित आहे. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरा, पावती जपून ठेवा. सांदणमध्ये उतरायचं ते स्थानिक वाटाड्याबरोबरच, लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना वरच थांबवून.

पाचव्या दिवशी बारीवरून घोटी. बारी हे १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. शिखर चढायचं असेल तर एक दिवस वाढवावा लागेल. तांदूळ घ्यायचा तर घोटीलाच घ्या. पुढे कसारा घाट उतरून शहापूर-मुरबाडमार्गे घरी. इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने आमण्याला उतरता येतं, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून आपण जुन्याच रस्त्याने येऊ.

फसगत कुठे होते

घाटघर नावाची दोन गावं आहेत. एक जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ, दुसरं अकोल्यात भंडारदऱ्याजवळ. मोबाइलला नुसतं घाटघर सांगितलं की तो भलत्याच डोंगरात नेऊन सोडू शकतो. अकोले आणि विदर्भातलं अकोला यांचंही तसंच. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या आणि गावांची नावं क्रमाने एका कागदावर लिहून गाडीत लावा. रस्ता विचारायची लाज बाळगू नका.

पेट्रोल मुरबाड, ओतूर, घोटी अशा बाजारगावांतच भरा. रोख पैसे जवळ हवेत, कारण रेंज नसली की जेवणाचे पैसे मोबाइलवरून जात नाहीत. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, टॉर्च, नेहमीची औषधं आणि गाडीचा विमा-पीयूसी निघण्याआधी तपासा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा. चारही इंडिकेटर लावून चालू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. जुन्नर-ओतूर पट्टा बिबट्यांचा आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला गाडी थांबवून मुलांना खाली उतरवू नका. संकटात ११२.

यजमान गावांसाठी आपले नियम

एका गटात चारपेक्षा जास्त गाड्या नकोत. लहान गावात तीस-चाळीस माणसं एकदम उतरली, तर गावकऱ्यांच्या पाण्याचे आणि चुलीचे हाल होतात. जास्त नावं आली तर दोन गट करू, एक दिवस मागे-पुढे. जेवणाची माणसं आदल्या दिवशी कळवायची आणि सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यायचे, मग कुणी जेवो न जेवो. नाचणीची भाकरी, पिठलं, वरईचा भात समोर आला की पनीरची चौकशी करू नये. स्पीकर आणि दारू या फेऱ्यात नाही, यावर चर्चा होणार नाही. कचरा पिशवीत भरून घरी आणायचा. माळशेजच्या बाजूचं पाणी काळू नदीतून खाली येतं आणि आपल्याच उल्हासला मिळतं, तेव्हा घाटात भिरकावलेली बाटली आपल्याच नदीच्या पदरात पडते.

कोणी काय करावं

आपल्या भागात मुरबाड, जुन्नर, अकोले, इगतपुरीकडची कितीतरी घरं आहेत. त्यांना आमची खास विनंती: तुम्ही पुढे या. कुठल्या गावात कुणाच्या घरी राहायची सोय होईल, कोणता रस्ता खणून ठेवलाय, हे तुमच्या एका फोनवर कळतं. तुम्हीच या फेऱ्याचे खरे आखणीदार.

गाडी असलेल्यांनी किती जागा रिकाम्या आहेत ते सांगावं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, म्हणून पेट्रोल आणि टोल समान वाटून घ्यायचा, त्याहून एक रुपयाही जास्त नको. भाड्याची गाडी लागली तर पिवळ्या पाटीचीच. प्रत्येक गाडीत घाटाची सवय असलेले दोन चालक हवेत. ज्येष्ठांनी वयाचा संकोच करू नये. रोजचा प्रवास त्यांना झेपेल असाच ठेवला आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर मात्र लपवू नये. तरुणांनी रस्त्यांची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांची ताजी माहिती काढण्याचं काम उचलावं. चार जिल्ह्यांचे आदेश चार ठिकाणी पाहावे लागतात.

या सगळ्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या सोसायट्यांच्या प्रतिनिधींची बैठक ठेवली आहे. जागा प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लिहिली आहे. येताना वाहन परवान्याची झेरॉक्स, गाडीतल्या जागांची संख्या आणि सोबत येणाऱ्यांची नावं-वयं लिहून आणा. बैठकीत तारखा, गट आणि गटप्रमुख ठरतील. मुक्कामांची आगाऊ रक्कम त्याच आठवड्यात पाठवायची आहे, कारण सुट्टीत शेंडीला ऐनवेळी खोली मिळत नाही. ज्यांना यायचं नाही, पण या वाटांची माहिती आहे, त्यांनीही अर्धा तास काढून यावं.

कळावे,
हेंद्रेपाड्यातील काही रहिवासी